सोंग कोणते, माणूस कोणता?

दिवाळी सरून धानाच्या कापणीस हात लागला, म्हणजे गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव ह्या बाजूंस ज्यांचे आप्तेष्ट आहेत, त्यांस तिचे वर्णन सांगावयास नको. दिवसा बाजार आणि रात्री दंडार, खडीगंमत किंवा झाडीपट्टीचे नाटक, असा तो थाट असतो. दंडारीतील स्त्रीपात्र पूर्वापार पुरुषच करीत आले. लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून असा एखादा तरुण रात्रभर नाचतो. त्याच्या मुरडण्यास लोक हसतात, शिट्ट्या वाजवितात, आणि गाणे साधले तर मनापासून दादही देतात. पहाट झाली की तोच मनुष्य तोंडावरचा रंग धुऊन आपल्या बांधीवर धान कापावयास जातो. रात्री पाहिले ते सोंग, सकाळी भेटला तो माणूस, हे गावातील शेंबड्या पोरासही ठाऊक असते.

आपल्या सुशिक्षित घरांत मात्र हा विवेक राहिला आहे असे आम्हांस वाटत नाही. रात्रीची जेवणे आटोपल्यावर दूरचित्रवाणीपुढे बसून आपण जे 'रिॲलिटी शो' पाहतो, त्यांच्या नावातच 'हे सोंग नव्हे, हे खरे' अशी ग्वाही असते, आणि ती आपण मुकाट्याने मान्य करतो. इतरांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. परंतु समलिंगी पुरुषांविषयी आपल्या पुष्कळशा घरांत जी काही समजूत आहे, ती बहुतांशी ह्याच झरोक्यातून आलेली असते. म्हणून त्यांच्या बाबतीत फार बिघडते. ते कसे, हे आज वाचकांपुढे मांडावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे कार्यक्रम तयार कसे होतात ते पाहू. 'बिग ब्रदर' हा खेळ १९९९ साली हॉलंडात निघाला. त्याचा हिंदी अवतार 'बिग बॉस' २००६ साली व मराठी अवतार २०१८ साली आला. डझनावर माणसे एका घरात सुमारे शंभर दिवस कोंडावयाची, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तोडावयाचा आणि चोवीस तास कॅमेरे चालू ठेवावयाचे, अशी ही योजना. आपल्यापुढे मात्र रोज येतो तो सुमारे एका तासाचा भाग. उरलेल्या वेळात कोणी भाजी चिरली, कोणी दुखणाइताच्या उशाशी बसले, ते बहुतेक सारे संकलकाच्या कात्रीखाली जाते. एवढ्याशा वेळात प्रेक्षकांस माणूस ओळखू यावयाचा, तर प्रत्येकास एक मुखवटा लागतो: एक भांडकुदळ, एक रडूबाई, एक सर्वांचा लाडका. समलिंगी पुरुषासाठी मुखवटा आधीच तयार असतो. तो नटवा, चहाडखोर, बायकांच्या कपड्यालत्त्यांचा सल्लागार आणि वेळप्रसंगी विदूषक. तो दिवसभर शहाण्यासारखा बोलला असला, तरी निवडला जातो तो बहुधा त्याने मान वेळावली तो क्षण.

हे असेच व्हावे असा काही नियम नाही. अमेरिकेत १९७३ साली 'ॲन अमेरिकन फॅमिली' ह्या मालिकेत एका खऱ्याखुऱ्या कुटुंबाचे रोजचे जीवन दाखविण्यात आले. त्या घरचा थोरला मुलगा लान्स लाउड समलिंगी होता, आणि त्याने ते लपविले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेस मनोविकारांच्या यादीतून वगळले, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे १९९४ साली 'द रिअल वर्ल्ड' ह्या कार्यक्रमात पेद्रो झमोरा नावाचा, मूळचा क्यूबाचा तरुण आला. तो समलिंगी होता आणि त्यास एड्सने ग्रासले होते. तरुण प्रेक्षकांनी आठवड्यामागून आठवडे त्यास सोबत्यांशी वाद घालताना, शाळाशाळांतून आजाराविषयी समजावून सांगताना, आपल्या जोडीदारासह आणाभाका घेताना पाहिले. शेवटचा भाग दाखविला गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ११ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी तो वारला. ज्यांनी आयुष्यात एकही समलिंगी मनुष्य पाहिला नव्हता, अशा हजारो घरांस त्या दिवशी ओळखीचे कोणी गेल्यासारखे वाटले. कॅमेरा तोच, कात्रीही तीच. परंतु तिने ह्या खेपेस माणूस शिल्लक ठेविला होता.

आता आपल्याकडे वळू. 'बिग बॉस'च्या २००६ सालच्या पहिल्याच पर्वात बॉबी डार्लिंग ही व्यक्ती होती. ती पुढे स्त्री म्हणून जगू लागली. म्हणजे समलिंगी पुरुष हे वर्णन तिला लागूच नव्हते. तरी प्रेक्षकांनी सर्वांची एकच मोट बांधली. २०१४ च्या आठव्या पर्वात मुंबईचा सुशांत दिवगीकर आला. त्याच वर्षी त्याने 'मिस्टर गे इंडिया' हा किताब मिळविला होता, आणि त्याच्या आईवडिलांनी त्याची जाहीरपणे पाठराखण केली होती. ह्या व्यक्तीने २०१८ साली 'सा रे ग म प'च्या व्यासपीठावर 'रानी को-हे-नूर' ह्या नावाने स्त्रीवेषात गाऊन दाखविले, आणि कालांतराने आपण परलिंगी असल्याचे सांगितले. मनुष्यास स्वतःची ओळख पटावयास वेळ लागतो; एका पर्वात चिकटविलेली चिठ्ठी जन्मभर पुरत नाही, एवढाच बोध ह्यातून घ्यावा.

त्याच २०१४ च्या ऑक्टोबरात आमिर खान यांच्या 'सत्यमेव जयते' ह्या कार्यक्रमाने एक संपूर्ण भाग ह्याच विषयास दिला. तो काही रिॲलिटी शो नव्हे. पण तेथेही खरीच माणसे बोलत होती. एका ठिकाणी प्रश्न होता, 'ह्या आठवड्यात घराबाहेर कोण जाणार?' दुसऱ्या ठिकाणी प्रश्न होता, 'घरी सांगितले तेव्हा काय झाले?' पहिल्या प्रश्नातून पात्र निर्माण होते, दुसऱ्यातून माणूस दिसू लागतो.

येथे एका घोटाळ्याचा उलगडा करणे अवश्य आहे. स्त्रीवेष, स्त्रीसारखे हावभाव आणि पुरुषाविषयी अनुराग, ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि जन्मतः मिळालेले लिंग आपले नव्हे असे वाटणे ही चौथी. बालगंधर्वांच्या शालूची तऱ्हा आपल्या पणज्यांनी उचलली. म्हणून कोणी त्यांच्याविषयी भलते अनुमान काढले नाही. आनंद यादवांच्या कादंबरीवरून २०१० साली आलेला 'नटरंग' आपल्यापैकी बहुतेकांनी सहकुटुंब पाहिला असेल. त्यातील गुणा हा पैलवान गडी, बायकोमुलांचा धनी. तमाशात नाच्याचे काम पत्करताच लोक त्याच्या पुरुषत्वावर घसरतात. आपण त्या प्रेक्षागृहात डोळे पुसले आणि घरी येऊन तेच हसणे पुन्हा हसू लागलो. उलटपक्षी, समलिंगी पुरुष बँकेत हिशेब तपासीत असेल, शाळेत गणित शिकवीत असेल, देवघरात बसून रुद्र म्हणत असेल. त्याच्या चालण्याबोलण्यात काहीच वेगळे नसेल. पण जेथे तमाशा नाही तेथे कॅमेरा कशास थांबेल?

कोणी म्हणेल, कुटुंबात वाचावयाच्या मासिकात हा विषय कशाला? हा आक्षेप नवा नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांस उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडावयास उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांस दंड झाला. पण विचारणाऱ्यास उत्तर देणे हा अपराध कसा, हा मुद्दा आज नव्वद वर्षांनीही तितकाच ताजा आहे.

आणि विचारणारा दूर कोठे नसतो. गोंदियातील आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबात अशीच मंडळी रात्री कार्यक्रम पाहत बसत. पडद्यावर तसा कोणी आला की काका त्याची नक्कल करीत, मुले खिदळत, आजोबाही हसू आवरीत नसत. बारावीतला पुतण्या तेवढा पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून जाई. पुढे तो नोकरीस लागला, स्थळे येऊ लागली, आणि तो प्रत्येक स्थळास काही ना काही खोट काढू लागला. शेवटी एके दिवशी आपल्या आत्यास एकटीला गाठून त्याने सारे सांगितले. 'इतकी वर्षे बोलला का नाहीस रे?' असे तिने विचारता तो म्हणाला, 'आत्या, तुम्ही सगळे हसत होतात ना, तेव्हाच मला उत्तर मिळाले होते. तू हसली नव्हतीस. पण गप्प होतीस.' हे सांगताना त्या बाईंच्या डोळ्यांस पाणी आले. आपल्या गप्प बसण्याचाही कोणी अर्थ लावीत असतो, हे त्यांस तोपर्यंत सुचलेच नव्हते.

त्या घरी स्थळे पाहणे थांबले, हे त्या मुलाचे आणि एका अनोळखी मुलीचेही भाग्य. सर्वत्र असे होत नाही. 'लग्न झाले की ठिकाणावर येईल' ह्या समजुतीने बोहल्यावर उभे केलेले किती मुलगे आणि त्यांच्या गळ्यात बांधलेल्या किती लेकी आयुष्यभर मूकपणे झुरल्या असतील! जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेस रोगांच्या यादीतून काढले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. त्या पीठात आपले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. अशा जोडप्यांच्या विवाहास मात्र न्यायालयाने २०२३ साली मान्यता दिली नाही. म्हणजे कायद्याने तुरुंगाचे दार उघडले. घराचे दार उघडावयाचे ते घरच्यांनीच.

ते कसे उघडावे? दूरचित्रवाणी फोडावयाची गरज नाही, की कार्यक्रम बंद करावयाची. चार गोष्टी पुरेत. नक्कल सुरू झाली की घरातील वडीलधाऱ्याने 'पुरे' म्हणावे. मुलांनी विचारले तर 'काही पुरुषांस पुरुषच आवडतात, तीही आपल्यासारखीच माणसे' एवढे साधे उत्तर द्यावे. लग्नास नकार देणाऱ्या मुलास खोदून न विचारता, 'तू सांगशील ते आम्ही ऐकू' असा भरवसा द्यावा. आणि अधिक समजून घ्यावयाचे, तर बिंदुमाधव खिरे यांची मराठी पुस्तके आहेत. गोंदियाहून सुमारे १३० किलोमीटरवर नागपुरात सारथी ट्रस्टसारखी संस्था आहे.

ह्या वर्षीही मंडई भरेल, दंडार होईल, लोक पोटभर हसतील. त्या हसण्यास आमची मुळीच ना नाही. कारण तेथे सोंग करणाऱ्यास आपण सोंग करीत आहोत हे ठाऊक असते, आणि पाहणाऱ्यांसही. आमचे मागणे इतकेच की, दिवाणखान्यातील पडद्यापुढे बसतानाही तोच शहाणपणा जवळ असावा. आणि हसण्यापूर्वी, पाणी पिण्यास कोण उठून गेले, इकडे एकदा पाहावे.