सरगुजाची माती अमेरिकेत, पाटी मात्र जपानी!

पोळा आठवड्यावर आला की रायपूरच्या बाजारात मातीचे बैल दिसू लागतात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात. छत्तीसगडात तो मान मातीच्या बैलाचा. मुलग्यांसाठी चाकं लावलेला नंदी, मुलींसाठी जातं, चूल अशी मातीचीच भातुकली. चार दिवस खेळून झालं की ही खेळणी फुटतात आणि विसरली जातात. ती कुणी घडवली, हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

अशाच मातीच्या खेळण्यांपासून सुरू झालेली एक गोष्ट मात्र थेट अमेरिकेत जाऊन पोचली. आणि गंमत अशी, की तिथल्या ज्या संग्रहालयानं तिला आपल्या दालनात मानाची जागा दिली, त्याच्या दारावरच्या पाटीवर शब्द आहे तो जपानी!

ही गोष्ट सोनाबाई रजवार यांची. पण ती नीट समजून घ्यायची, तर एका जपानी कुंभाराच्या अमेरिका प्रवासाचीही गोष्ट ऐकावी लागेल.

पंधरा वर्षं चार भिंतींत

रायपूरहून बिलासपूर, कटघोरामार्गे अंबिकापूरला निघालं, की अंबिकापूरच्या थोडं अलीकडे लखनपूर लागतं. पुहपुटरा हे सोनाबाईंचं गाव त्याच परिसरातलं. हा सरगुजा जिल्हा. सोनाबाईंचा जन्म १९३०च्या सुमाराचा. रजवार हा शेतकरी समाज. धान घरात आलं, की पौष पौर्णिमेच्या छेरता सणासाठी बायका घराच्या भिंती लिंपून-सारवून त्यांच्यावर मातीची उठावदार नक्षी काढतात. रायपूरच्या मैदानी मुलखात याच सणाला छेरछेरा म्हणतात.

कोवळ्या वयात सोनाबाईंचं लग्न झालं, ते वयानं बऱ्याच मोठ्या माणसाशी. नवऱ्यानं गावापासून वेगळं घर बांधलं आणि बायकोवर बंधन घातलं: घराबाहेर पडायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. एक-दोन नव्हे, सुमारे पंधरा वर्षं हे चाललं! सोबतीला होता तो फक्त लहानगा मुलगा, दरोगा राम.

मुलाला खेळायला काही नाही. बाजार नाही, जत्रा नाही, शेजारपाजार नाही. मग या आईनं घराच्या आवारातली माती कालवली आणि त्याच्यासाठी चिमण्या, जनावरं, माणसं घडवायला सुरुवात केली. शिकवणारं कुणी नव्हतं. हळूहळू हे पक्षी आणि प्राणी भिंतींवर चढले. गेरू, काजळी, हळद, झाडाचा पाला, स्वयंपाकघरातले मसाले, जे हाताशी येईल त्यातून रंग झाले.

उन्हाळ्यात घर तापायचं. त्यावर सोनाबाईंनी काढलेला उपाय म्हणजे त्यांच्या कलेचा कळसच. बांबूच्या बारीक कामट्या वाकवून त्यांची गोल कडी करायची, ती एकमेकांना बांधायची आणि वरून पेंढा घातलेल्या मातीचा लेप द्यायचा. झाली जाळी तयार! पडवीत अशा जाळ्या बसल्या. उजेड गाळून आत येऊ लागला, वारा खेळू लागला. जाळीच्या गोलांत पक्षी बसले, माकडं लटकली, नाचणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. घराची गरज आणि मनाची गरज, दोन्ही एकाच मातीत भागल्या.

१९८२ साली भोपाळला भारत भवन उभं राहिलं. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पुढाकारानं लोककलेच्या शोधात माणसं खेडोपाडी पाठवली जात होती. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होता. १९८३ साली अशीच मंडळी सोनाबाईंच्या दाराशी पोचली आणि आतलं दृश्य पाहून थक्क झाली. पुढे राष्ट्रीय पुरस्कार आला. १९९९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात सोनाबाईंचं काम मांडलं गेलं. २००७ साली त्यांचं निधन झालं. अमेरिकी लेखक-छायाचित्रकार स्टीफन हाइलर यांनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक २००९ साली निघालं आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. जागा होती मिंगेई इंटरनॅशनल म्युझियम!

हे मिंगेई म्हणजे काय?

मिंगेई म्हणजे सामान्य माणसांची हस्तकला. १९२५च्या सुमारास हा शब्द जपानमध्ये तिघांनी मिळून घडवला. विचारवंत यानागी सोएत्सू आणि कुंभार हमादा शोजी व कावाई कानजिरो. तेव्हा जपानमध्ये कारखान्यांचा माल घरोघर शिरत होता आणि हातानं केलेली वाडगी, रांजण, चटया मागे पडत होत्या. यानागींचं म्हणणं असं, की खरं सौंदर्य या रोजच्या वापराच्या वस्तूंत आहे. ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत, अशा कारागिरांच्या हातांत आहे. या विचाराचं संग्रहालय १९३६ साली टोकियोत उघडलं.

हमादांनी हा विचार जगून दाखवला. १८९४ साली जन्मलेला हा माणूस तंत्रविद्यालयात शिकला, १९२० साली इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर इंग्लंडला गेला, तिथे सेंट आइव्ह्ज गावी कुंभारकामाची कार्यशाळा उभारायला मदत केली. एवढं करून मायदेशी परतल्यावर राहिला कुठे? टोकियोच्या झगमगाटात नव्हे, तर माशिको या खेड्यात. हे गाव स्वयंपाकघरातल्या भांड्यांसाठी ओळखलं जायचं.

हमादा काठीनं फिरवायच्या चाकावर काम करायचे. झिलईसाठी गावातलाच दगड कुटून वापरायचे. त्यातून पिकल्या जपानी फळासारखा तांबूस रंग यायचा. पांढऱ्या झिलईसाठी भाताच्या तुसाची राख. धानाचं कोठार म्हणवणाऱ्या छत्तीसगडला ही किमया परकी वाटू नये. पळीभर झिलई ओतून ते क्षणात नक्षी उठवत. पंधरा सेकंदांच्या कामाची एवढी किंमत कशी, असं एका पाहुण्यानं विचारलं, तेव्हा त्या पंधरा सेकंदांत साठ वर्षंही धरा, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगतात. १९५५ साली जपान सरकारनं त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलं.

कुंभाराची अमेरिका वारी

१९५२च्या शरद ऋतूत यानागी, हमादा आणि लीच हे त्रिकूट अमेरिकेत उतरलं. युद्ध संपून जेमतेम सात वर्षं झाली होती. काल-परवाच्या शत्रुदेशातला कुंभार अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर चाकावर बसत होता! नॉर्थ कॅरोलायनातलं ब्लॅक माउंटन कॉलेज, मिनेसोटातलं सेंट पॉल, माँटानातलं हेलेना, असं करत ते न्यू मेक्सिकोत पोचले.

तिथे सॅन इल्डेफॉन्सो या मूळ अमेरिकी वस्तीत त्यांची गाठ मारिया मार्टिनेझ यांच्याशी पडली. मारियांना चाक ठाऊक नव्हतं. मातीच्या वळकट्या एकावर एक रचून त्या भांडं उभं करत, दगडानं घोटून चकाकवत आणि भाजताना वाळल्या लिदीचा भुगा टाकून जाळ कोंडत. धुरानं भांडी काळीभोर होत. नक्षीचं काम घरातल्या माणसांचं: आधी नवरा, त्याच्या मागे सून, मग मुलगा. एका हाती काम कधी नव्हतंच.

प्रवासाचा शेवट लॉस एंजेलिसला. तिथे या पाहुण्यांना भेटलेल्यांत मार्था लाँगनेकर नावाची एक तरुण कुंभारकलेची शिक्षिका होती. भेटीचा ठसा एवढा खोल, की पुढे ती जपानला जाऊन शिकली आणि १९७८ साली तिनं सॅन डिएगोत संग्रहालय सुरू केलं. नाव दिलं मिंगेई! त्याच वर्षी जानेवारीत हमादांचं निधन झालं होतं. मधल्या काळात, १९६३ साली, ते मुलाला बरोबर घेऊन पुन्हा एकदा अमेरिकेत शिकवून आले होते.

म्हणजे माशिकोतून निघालेला शब्द सॅन डिएगोत रुजला आणि एकतीस वर्षांनी त्याच छपराखाली पुहपुटऱ्याची माती आली.

नाव न घालणं आणि नाव नसणं

इथवर सारं गोड वाटतं. पण एक गोष्ट टोचते, ती सांगितलीच पाहिजे.

इंग्लंडहून परतल्यावर हमादा आपल्या भांड्यांवर सही करत नसत. भांडं चांगलं असेल तर नाव कशाला हवं, हा त्यामागचा विचार. मोठा विचार आहे. पण नाव न घालण्याची मुभा त्यालाच असते, ज्याला नाव आहे. हमादा शिकलेले होते, जग फिरलेले होते, मित्र विचारवंत होते. सोनाबाईंनीही सही केली नाही. पण ती त्यांची निवड नव्हती. त्यांची कला पाहायला पंधरा वर्षं दारापाशी कुणी येऊच शकत नव्हतं.

मारियांनी या कोड्यातून वेगळी वाट काढली. गिऱ्हाइकांना सही हवी असे, म्हणून त्या सही करू लागल्या. आणि शेजारणींच्या भांड्यांनाही चार पैसे जास्त मिळावेत म्हणून त्यांच्या भांड्यांवरही आपली सही करून देत, असं सांगितलं जातं!

सोनाबाईंबद्दल बोलताना अनेकजण सहज म्हणून जातात, की कोंडून ठेवलं म्हणून तर कला फुलली. वाचकहो, या वाक्यापासून सावध राहायला हवं. कोंडवाड्यानं कुणी कलावंत होत नाही. तसं असतं तर उंबऱ्याआड आयुष्य काढलेल्या आपल्या कितीतरी आज्या-पणज्या आज संग्रहालयात असत्या. सोनाबाईंनी घडवलं ते कोंडलं म्हणून नव्हे, कोंडूनही. त्याचं श्रेय कडीला देणं म्हणजे हाताचं श्रेय चोरणं.

माती आज काय मागते?

सोनाबाईंचं काम भट्टीत भाजलेलं नसतं. माशिकोचा वाडगा पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. कच्च्या मातीची जाळी पावसानं विरते, धक्क्यानं उडते. तिला लिंपणारा हात दर वर्षी लागतो. मुलगा दरोगा राम आणि सून राजेनबाई यांनी हा वारसा पुढे चालवला, सुंदरीबाई रजवार यांच्यासारख्या कलावंतांनीही भिंतीवरच्या या कामाला नाव मिळवून दिलं. विक्रीसाठी लाकडी चौकटीत बसवलेले नमुने होतात. चार पैसे मिळतात, हे चांगलंच.

पण चौकट म्हणजे घर नव्हे. खेड्यात आता सिमेंटची घरं उभी राहतात. ती हवीतच, गळक्या छपराखाली राहण्याचा आग्रह कलेच्या नावाखाली कुणी कुणाला करू नये. प्रश्न एवढाच, की नव्या घराच्या पडवीत एक जाळी बसवता येईल का? बांबू, पेंढा आणि माती गावातच आहे. ऊनही पूर्वीसारखंच आहे, किंबहुना जास्तच.

नवा रायपूरच्या पुरखौती मुक्तांगणात छत्तीसगडच्या निरनिराळ्या भागांतल्या लोककला एकत्र पाहायला मिळतात. सुट्टीत मुलांना तिथे जरूर न्या. आणखी वेळ असेल, तर दुर्गहून रायपूरमार्गे जाणारी रात्रीची गाडी सकाळी अंबिकापूरला सोडते. तिथून लखनपूर जवळच. मातीच्या भिंतीवर हात फिरवणारी एखादी बाई दिसली, तर कौतुकाआधी तिचं नाव विचारा, आणि वस्तू घ्याल तेव्हा तिच्या मागे ते लिहून घ्या. हमादांना त्याची गरज नव्हती. तिला आहे.