सांबऱ्याच्या धावपट्टीवरील बहुवारिके
बेळगावजवळच्या सांबरा येथे १९४२ मध्ये विमानतळ उभा राहिला. आज तेथे उतरणाऱ्या प्रवासी विमानाच्या खिडक्या आणि टायर ही बहुवारिकांची, म्हणजेच एकवारिक नावाचे असंख्य लहान रेणू जोडले जाऊन बनलेल्या दीर्घ साखळ्यांची उत्तम उदाहरणे होत. असे महारेणू खरोखर असतात, हे हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले. त्यांना प्रखर विरोध झाला आणि नोबेल पारितोषिक १९५३ मध्ये मिळाले.

खिडकीच्या ॲक्रिलिकमधील साखळ्या सुट्या किंवा विरळच जोडलेल्या असल्याने ते तापवल्यावर मऊ होते, आणि त्या अवस्थेत ताणल्यास साखळ्या ताणाच्या दिशेने वळून भेगा पसरण्यास आळा बसतो.

टायरमधील रबराची गोष्ट निराळी, आणि अधिक विलक्षण. कच्चे रबर उन्हाने चिकट होते, थंडीने कडक. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये ते गंधकासह तापवले, तेव्हा गंधकाच्या अणूंनी साखळ्यांमध्ये कायमचे पूल बांधले, ज्यांमुळे रबर ताणले तरी मूळ आकारात परतते. वारंवार दबताना नैसर्गिक रबर तुलनेने कमी तापते, म्हणून विमानाच्या टायरमध्ये आजही त्याचा मोठा वाटा असतो. मात्र त्याच पुलांमुळे झिजलेला टायर वितळवून नव्याने ओतता येत नाही.