टाका सुटतो, तसंच गाडीचं

गाडीचं बॉनेट वर गेलं की बायकांनी आत जाऊन चहा टाकायचा, ही आपल्या घरांतली जुनी रीत. दसऱ्याला गाडीला हार घालायचा, लिंबू-मिरची बांधायची. पण आत काय बिघडलंय ते विचारायचं नाही. दुरुस्तीचे पैसे मात्र आपल्याच डब्यातून जातात! म्हणून मैत्रिणींनो, आज जरा बॉनेटच्या आतलं बोलू या. ज्यांना शिलाई मशीन चालवता येतं, त्यांना यातलं अर्धं आधीच ठाऊक आहे.

मशीनची सुई खाली जाते आणि वर यायला लागते, तेव्हा दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक येऊन तो फास पकडतं, तेव्हा कुठे टाका बसतो. शटल जरा मागंपुढं झालं की टाके सुटतात. फारच सरकलं तर सुई शटलवर आपटून मोडते. याला आपण ‘मशीनचं टायमिंग गेलं’ म्हणतो. गाडीच्या इंजिनाचंही अगदी असंच असतं.

इंजिनात पिस्टन खाली-वर होतो. हवा-पेट्रोल आत घ्यायचं, ते दाबायचं, ठिणगीनं भडका उडवायचा आणि धूर बाहेर टाकायचा, अशी त्याची चार कामं. या चार कामांत खालचा दांडा, म्हणजे क्रँक, दोन फेरे घेतो. हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी झाकणं, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा वरचा दांडा म्हणजे कॅम. तो तेवढ्यात एकच फेरा घेतो. दोघांची सांगड घालतो तो दातेरी रबरी पट्टा. मेकॅनिक त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. सुई शटलवर आपटावी, तसंच. मग दुरुस्ती पट्ट्याची न राहता इंजिनाची होते.

आपल्या बीड जिल्ह्यात जुन्या मारुती ८०० आणि ओम्नी अजून दिसतात. ८०० पहिल्यांदा १९८३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. दोन्हींत तेच ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पट्ट्यावर चालणारं इंजिन. ओम्नीत तर ते पुढच्या सीटखालीच असतं. साधं इंजिन म्हणून पुष्कळ घरी मेकॅनिकला अंगणातच बोलावतात. कुठे दीर, कुठे शेजारचा मुलगाच पाना हातात घेतो.

आमच्या शिवणवर्गातल्या एका ताईंकडे असंच झालं. त्यांचे मालक ओम्नीतून कापड घेऊन नेकनूरच्या बाजाराला जातात. पट्टा अंगणातच बदलला. दुसऱ्या दिवसापासून गाडी सकाळी लवकर सुरू होईना, मांजरसुंब्याच्या घाटात ओढेना, सायलेन्सरमधून फटफट आवाज. पेट्रोलही जास्त लागायला लागलं. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, “इंजिन खोलावं लागतंय.” ताईंनी गळ्यातलं गहाण टाकायची तयारी केली होती. पण त्यांच्या मनात आलं, आदल्या दिवशी तर गाडी चांगली होती. पट्टा बदलला आणि बिघडली, म्हणजे टायमिंगच गेलं असणार. त्या म्हणाल्या, “आधी पट्टा नीट बसलाय का ते तरी बघा.” मंडळी हसली. पण झाकण काढून बघितलं, तर वरची खूण एका दात्यानं सरकलेली! जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत ठिणगी वाटणारा डिस्ट्रीब्युटर वरच्या दांड्यावरच चालतो. त्यामुळं एक दाता चुकला की झाकणांची वेळ चुकते आणि ठिणगीचीही. पट्टा पुन्हा बसवला आणि गळ्यातलं गळ्यातच राहिलं.

घरी हे काम होणार असेल तर एवढ्या गोष्टींकडे लक्ष ठेवा. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड लावून उभी असावी. इंजिन थंड असावं आणि बॅटरीची तार काढलेली असावी. जुना पट्टा काढायच्या आधी दोन्ही चाकांवरच्या खुणा ठरलेल्या जागी आणाव्यात. इथं एक गंमत आहे. खालची खूण दोन फेऱ्यांत दोनदा जागेवर येते, वरची मात्र एकदाच. म्हणून नुसती खालची बघून चालत नाही, दोन्ही एका वेळी जुळल्या पाहिजेत. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तमच.

नवा पट्टा घालून ताण बसवला, की लगेच किल्ली फिरवायची नाही. पान्यानं इंजिन हातानं, त्याच्या नेहमीच्या दिशेनं, पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा बघायच्या. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही. अडतंय म्हणजे आत काहीतरी आपटतंय. वाटेत पट्टा तुटून गाडी बंद पडली, तर सेल्फ मारत बसू नका.

पट्टा किती किलोमीटरनं किंवा किती वर्षांनी बदलायचा, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. जुनी गाडी घेतली आणि आधी कधी बदलला ते कुणालाच सांगता येत नसेल, तर बदलूनच घ्यावा. तारीख आणि किलोमीटर दुधाच्या हिशेबाच्या वहीत टिपून ठेवावेत. बऱ्याच नव्या गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. ती जास्त टिकते, पण ऑईल वेळेवर बदललं तरच.

बायकांना यातलं काय कळतंय, असं कुणी म्हटलं तर त्यांना बर्था बेंझबाईंची गोष्ट सांगा. नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन १८८८ मध्ये त्या दोन मुलांसह जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला, जवळपास शंभर किलोमीटर गेल्या. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली. आणि इतकं लांब कशाला? आपल्या शेजारच्या परभणीच्या शीला डावरे १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा चालवू लागल्या, तेव्हा त्यांनाही लोक हसलेच असतील.

आपल्याला पाना हातात घ्यायचाच असं नाही. पण पैसे मोजायच्या आधी एवढं विचारायला काय हरकत आहे, “भाऊ, हातानं दोन फेरे फिरवून खुणा बघितल्या का?” ज्यानं बघितल्या असतील तो आनंदानं दाखवील. ज्यानं बघितल्या नसतील, तो तरी आता बघेल.