जुना मॉल नवा कसा होतो? गाळा बुक करण्याआधी मोबाईलवर हे तपासा

पांढरकवड्याच्या माणसाला मोठा मॉल बघायचा तर ४४ नंबरच्या हायवेने नागपूर गाठावं लागतं. पण मॉलमधल्या गाळ्याची जाहिरात मात्र केळापूर तालुक्यात घरबसल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ‘जुन्या मॉलचं रिडेव्हलपमेंट, बुकिंग सुरू, दर महिन्याला भाडं पक्कं!’ घरात कापसाचे किंवा रिटायरमेंटचे पैसे आलेले असले की असा मेसेज खरा वाटायला लागतो. म्हणून आधी हा प्रकार नीट समजून घेऊया.

मॉल म्हातारा का होतो?

मुंबईत ताडदेवला १९९९ मध्ये क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला. देशातल्या अगदी पहिल्या मॉलपैकी हा एक. सुरुवातीला गर्दी इतकी व्हायची, की मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड असेल तरच आत सोडायचे, नाहीतर प्रवेश फी! पुढे जवळपास मोठे मॉल आले आणि गर्दी तिकडे गेली. नंतर खरेदी मोबाईलवर आली. क्रॉसरोड्सचं नाव बदलून सोबो सेंट्रल झालं, मग दुकानं रिकामी पडली आणि कर्ज थकलं. शेवटी २०२४ मध्ये के. रहेजा कॉर्पने ही मालमत्ता ४७६ कोटी रुपयांना घेतली.

अशा रिकाम्या मॉलना ‘घोस्ट मॉल’ म्हणतात. नाइट फ्रँक या संस्थेने २०२३ मध्ये देशातल्या आठ मोठ्या शहरांत असे ६४ मॉल मोजले. ४० टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकामी, तो घोस्ट मॉल.

खरी मेख मालकीत आहे

मॉल दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात अख्खी इमारत एकाच मालकाची आणि दुकानं भाड्याने. बऱ्याचदा ठरलेलं भाडं किंवा विक्रीतला ठरावीक टक्का, यातलं जे जास्त ते मालकाला मिळतं. त्यामुळे दुकान चालावं ही मालकाचीही गरज असते. असा मॉल नवा करायचा तर निर्णय एकाच्याच हातात.

दुसऱ्या प्रकारात बिल्डर एकेक गाळा विकून मोकळा होतो. मग लिफ्ट बंद पडली तरी दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावर वाद. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये एक हजाराहून जास्त गाळे होते. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागली आणि वरच्या कोविड हॉस्पिटलमधल्या रुग्णांचे जीव गेले. इतक्या मालकांचं एकमत करून इमारत पाडणं किती कठीण, विचार करा.

तिसरी अडचण कर्जाची. नागपूरचा एम्प्रेस मॉल जमशेटजी टाटांच्या १८७७ मधल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर उभा आहे. गिरणी जाऊन मॉल आला, म्हणजे तेही एक रिडेव्हलपमेंटच. फेब्रुवारी २०१९ मध्ये ईडीने बँक कर्जाच्या प्रकरणात ४८३ कोटींच्या या मॉलवर जप्ती आणली. अशा जप्तीत दुकानं चालू राहू शकतात, पण मालकाला ती मालमत्ता विकता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही!

रिडेव्हलपमेंटचे पैसे येतात कुठून?

बहुतेक वेळा वाढीव एफएसआयमधून. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण. नवीन नियमात जास्त बांधकाम बसत असेल, तर वरचे मजले विकून खर्च निघतो. म्हणूनच जुन्या मॉलच्या जागी अनेकदा ऑफिसं किंवा फ्लॅट येतात. बांधकाम सुरू होण्याआधीच बुकिंग घेतात, आणि आपली जोखीम तिथेच असते.

मोबाईलवर काय तपासायचं?

१. जाहिरातीतला क्यूआर कोड स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने तो बंधनकारक केला आहे. प्रकल्पाचं अधिकृत पान उघडलं पाहिजे. तिथे मंजुरी, पूर्ण होण्याची तारीख आणि कोर्ट केसेस बघा.

२. नोंदणी नसेल तर कारण विचारा. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा ८ पर्यंत गाळे असतील तर सूट मिळते. नवीन विक्री नसलेल्या दुरुस्तीलाही सूट आहे. पण नवीन गाळे विकणाऱ्या मोठ्या प्रकल्पाला ‘हे जुनंच आहे, रेरा लागत नाही’ असं म्हणता येत नाही.

३. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स २ बघा. तो गाळा आधीच कोणाला विकलाय का, ते कळू शकतं.

४. सरसाईच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून मालमत्ता गहाण आहे का ते शोधा.

५. टोकन देताना सावध राहा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात.

एक लक्षात ठेवा. महारेराची नोंदणी म्हणजे मॉल चालेल याची गॅरंटी नाही. दुकानात गिऱ्हाईक येईल का, हे कुठलंच ॲप सांगत नाही. त्यासाठी एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी तिथे जाऊन किती शटर बंद आहेत ते मोजा.

घरात कोणी गाळ्याचा विचार करत असेल, तर टोकन देण्याआधी त्यांच्यासोबत बसून हे पाचही मुद्दे तपासा.