भरलेली वाटी, उपाशी पक्षी

लेखमाला : पंखांचं घर — लेखांक ७

सकाळी पिंजऱ्याजवळ जावं तर दाण्यांची वाटी काठोकाठ भरलेली दिसते. कालचं अजून संपलेलं नाही, असं म्हणून आपण कामाला लागतो. उद्या एवढं करून पाहा. वाटी दाराबाहेर न्या आणि तिच्यावर हलकी फुंकर मारा. राळ्याची, बाजरीची पोकळ फोलपटं भुरभुर उडून जातील आणि तळाशी मोजके दाणे उरतील. पोपटवर्गातले पक्षी दाणा चोचीत फिरवून सोलतात, आतला गर खातात आणि साल पुन्हा वाटीतच टाकतात. म्हणून रिकामी वाटीही लांबून भरलेली दिसते. बजरीगरचं सगळं वजन ३० ते ४० ग्रॅम. एवढ्याशा जिवाला एक-दोन दिवसांचा उपासही जिवावर बेततो.

ही उपासमार फुंकरीने उघडी पडते. दुसरी एक उपासमार आहे, ती फुंकर मारून दिसत नाही. वाटीत खरे, टपोरे दाणे असतात, पक्षी पोटभर खातो, गुबगुबीत दिसतो आणि तरीही त्याच्या शरीराला हवं ते मिळत नसतं. गेल्या आठवड्यात आपण पिंजऱ्याची जागा आणि माप पाहिलं. आज या दुसऱ्या उपासमारीबद्दल बोलू.

आधी वाटी कोणासाठी, ते स्पष्ट करतो. आपल्या अंगणातल्या पेरूवर येणारा, गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तसा जखमी पोपट किंवा घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर वनविभागाला कळवावं. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. आजचं बोलणं आहे ते पिंजऱ्यातच पैदास झालेल्या परदेशी जातींबद्दल: बजरीगर (आपल्याकडे यालाच सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात), खरे लव्हबर्ड, कॉकेटील, कन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव. यातल्या अनेक जातींची नोंदणीही करावी लागते. ते आपण तिसऱ्या लेखांकात पाहिलं.

पोपटाला काय घालायचं, याचं उत्तर आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या ठरलेलं आहे: भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, पोळीचा तुकडा आणि मिरची. चहात बुडवलेलं बिस्किट नंतर आलं. या यादीत सगळ्यांत गमतीचा खाऊ मानला जातो तो मिरचीचा, आणि खरं तर यादीत सगळ्यांत मोलाची तीच आहे. मिरची आपल्याला झोंबते, कारण तिच्यातलं कॅप्सेसिन आपल्या चेतातंतूंवरच्या एका ग्राहकाला चिकटतं आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. स्वेन-एरिक जॉर्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी २००२ मध्ये दाखवलं, की कोंबडीच्या शरीरातला हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. उष्णतेला देतो, मिरचीला नाही. ज्युलियस यांना पुढे २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पक्ष्याला मिरची तिखट लागतच नाही. मिरचीने त्याची जीभ सैल होऊन तो बोलायला लागतो, या समजाला काही आधार नाही. पण पिकलेल्या लाल मिरचीत भरपूर कॅरोटीन असतं आणि त्यापासून पक्ष्याचं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. पिंजऱ्यातल्या दाण्यांत नेमकं हेच नसतं.

हे मला फार उशिरा कळलं. माझा पहिला कॉकेटील घरी आणला तेव्हा विकणाऱ्याने एक पिशवी हातात दिली आणि सांगितलं, एवढंच घाला, दुसरं काही लागत नाही. पिशवीत राळा, बाजरी, करडई आणि सूर्यफूल होतं. पक्षी रोज पाखडून पाखडून फक्त सूर्यफूल वेचायचा. बाकीचे दाणे तो उडवून द्यायचा आणि मी त्याच्या आवडीचं म्हणून सूर्यफूल आणखी वाढवायचो. तिसऱ्या वर्षी त्याची एक नाकपुडी चोंदली, डोळ्याखाली सूज आली. सर्दी समजून मी पिंजरा उबेत ठेवला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी त्याची चोच उघडून मला आतले पांढरे चट्टे दाखवले आणि विचारलं, "हा खातो काय?" औषधाची चिठ्ठी त्यांनी त्यानंतर लिहिली.

अ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंड, नाक, श्वासनलिका यांच्या आतलं मऊ, ओलसर अस्तर जाड आणि कोरडं होत जातं. मग तिथे जंतूंना घर मिळतं. वरून ती सर्दी दिसते. प्रतिजैविकाने ती तात्पुरती हटते आणि वाटी तीच राहिली तर परत येते.

सूर्यफुलाच्या गराचं जवळजवळ निम्मं वजन म्हणजे चरबी. रानात मैलोन् मैल उडणाऱ्या पक्ष्याला ती पचते. दोन दांड्यांमध्ये उड्या मारणाऱ्याच्या यकृतात ती साचते. शिवाय १०० ग्रॅम गरात फॉस्फरस ६०० मिलिग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम १०० मिलिग्रॅमच्याही आत. पक्ष्याला हे प्रमाण उलटं हवं असतं, कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त. ते न मिळाल्याने हाडं ठिसूळ होतात, मादीच्या पोटात अंडं अडकतं. आफ्रिकन ग्रेच्या बाबतीत तर रक्तातलं कॅल्शियम उतरून झटके येतात. पक्ष्याला आवडतं म्हणजे त्याला हवं असतं, हा आपला समज इथे फसतो. रानात चरबीचा दाणा दुर्मीळ म्हणून जीभ त्याच्यावर धावते. पिंजऱ्यात तो दुर्मीळ उरत नाही, ओढ मात्र तीच राहते.

मग ताट वाढायचं कसं? आधी पक्ष्याचं मूळ गाव आठवावं. बजरीगर आणि कॉकेटील ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ मुलखातले. पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये बजरीगर इंग्लंडला नेले आणि तिथून ते घरोघर पोचले. त्यांचं मूळ अन्न गवताचं बी, तेही बरंचसं अर्धकच्चं, दुधाळ. म्हणून त्यांच्या वाटीत राळा, वरी, बाजरी, नाचणी यांना मानाची जागा आहे. सूर्यफूल मात्र हातातून देण्यापुरतं. आफ्रिकन ग्रे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलातला, तेलताडाची फळं खाणारा. मकावला कवचाच्या फळांमुळे बाकीच्यांपेक्षा जास्त चरबी चालते. लोरी तर फुलातला मध आणि परागकण चाटणारा, त्याला कोरडे दाणे नकोतच.

मोठ्या पोपटांसाठी ढोबळ माप असं: निम्म्याहून अधिक चांगल्या प्रतीचे पेलेट, चौथा हिस्सा किंवा थोडी जास्त भाजी, आणि उरलेल्यात फळ, दाणे, अक्रोड-बदाम. पेलेटमध्ये सगळे घटक एकत्र दाबलेले असल्याने पक्ष्याला वेचून खाता येत नाही, हा त्यांचा मोठा गुण. बजरीगर-कॉकेटीलना दाण्यांचा वाटा याहून जास्त ठेवता येतो, पण पाला रोज हवाच. एक खबरदारी घ्यावी: पेलेट चालू असताना पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालू नयेत. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठतं आणि मकाव त्याला विशेष नाजूक असतात.

भाजी म्हणजे महागडी परदेशी भाजी लागत नाही. शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, उकडलेलं रताळं, लाल भोपळा, लाल ढोबळी मिरची. गडद हिरवं आणि गडद केशरी, एवढी खूण पुरे. काकडी आणि सफरचंद पक्षी आवडीने खातो, पण त्यात मुख्यतः पाणी आणि साखर. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडवतं, म्हणून पालक कधीमधीच. मोड आलेले मूग, मटकी, बाजरी उत्तम, फक्त वास आला किंवा चिकट झाली तर टाकून द्यावी. आपल्या दमट पावसाळ्यात ओलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वाटीत ठेवू नये. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेस बांधावा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा हा पांढरा तुकडा म्हणजे म्हाकुळाच्या जातीतल्या समुद्री प्राण्याच्या पाठीतलं कवच. त्यातलं कॅल्शियम पचायला ऊन हवं आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही, काच नेमके तेच किरण अडवते. सकाळी थोडा वेळ पिंजरा गॅलरीत, अर्धा सावलीत आणि नजरेसमोर ठेवावा.

काही गोष्टी मात्र चिमूटभरही नकोत. ॲव्होकाडोतल्या पर्सिनने पक्ष्याचं हृदय बंद पडतं. चॉकलेट, चहा, कॉफी, दारू, कांदा, लसूण, फरसाण आणि पापडाचं मीठ, सफरचंदाच्या बिया, हे सगळं दूर ठेवा. शेंगदाणे जुने, कुबट असतील तर त्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं. म्हणून पक्ष्यासाठीही शेंगदाणे आपण खाऊ तसेच घ्यावेत. दूध त्याला पचत नाही. दाणा सोलून खाणाऱ्याला वाळू-खड्यांची गरज नसते. आणि लाडाने आपल्या तोंडातला घास त्याच्या चोचीत देऊ नये, आपल्या लाळेतले जंतू त्याला आजारी पाडतात.

हे वाचून कोणी उद्याच वाटीतले दाणे काढून पेलेट भरू नका, अशी कळकळीची विनंती आहे. अनोळखी वस्तू पोपटाला अन्न वाटतच नाही, तो तिच्यासमोर उपाशी बसून राहील. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, रोज सकाळी खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. नवीन अन्न सकाळी, भूक असताना ठेवा आणि ओळखीचे दाणे संध्याकाळी द्याच. ९० ग्रॅमच्या कॉकेटीलचं वजन ९ ग्रॅमने, म्हणजे दहा टक्क्यांनी उतरलं तर थांबा, जुनं अन्न पूर्ण द्या, डॉक्टरांना भेटा. पक्षी आजारी असेल तर बदल सुरूच करू नका. पोपट थव्याने खाणारा आहे. आपण त्याच्यासमोर बसून गाजर खाल्लं तर तो मान वाकडी करून बघतो, मग एक दिवस मागतो. कोथिंबिरीची ओली जुडी वर टांगली की आधी तिच्यात अंघोळ करतो, मग पानं कुरतडतो. माझ्या कॉकेटीलला पहिलं माठाचं पान खायला पाच आठवडे लागले. सूज ओसरायला त्याहून जास्त.

पुढच्या आठवड्यात पिंजऱ्याच्या तळाशी घातलेल्या कागदाबद्दल लिहीन. पक्ष्याची विष्ठा रोज काय सांगते, ते वाचायला शिकू.

तोवर सकाळची फुंकर सोडू नका. फोलपटं उडून गेल्यावर वाटीत काय उरलं, ते नीट बघा. त्याने काय खाल्लं आणि काय नाकारलं, हे तिथेच दिसतं. माझ्या वाटीत राळा आणि बाजरी तीन वर्षं रोज तशीच उरत होती. मी रोज ती झटकून टाकत होतो आणि वाटी पुन्हा भरत होतो.