बुद्धिबळातील न्याय्य खेळ

बुद्धिबळाचा डाव खेळाडूने बाहेरील साहाय्य न घेता केवळ स्वतःच्या विचारशक्तीवर खेळावा, या तत्त्वाच्या पालनास न्याय्य खेळ असे म्हणतात. संगनमताने बरोबरी करणे, प्रेक्षकाच्या खुणेवरून चाल खेळणे हे प्रकार जुनेच आहेत. तथापि खिशात मावणारा दूरध्वनीही जगज्जेत्याहून सरस खेळू लागल्यापासून या प्रश्नाचे स्वरूप पालटले. २००६ मध्ये दिल्लीतील सुब्रतो मुखर्जी स्मृती स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत दडविलेले ब्लूटूथ यंत्र सापडले व त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. फिडे या जागतिक महासंघाच्या नियमांनुसार पंचांच्या अनुमतीविना असे उपकरण जवळ आढळल्यास सामान्यतः डाव गमवावा लागतो.

यंत्र हाती लागले, तर निर्णय सोपा असतो. नुसता संशय असेल, तर मात्र तो फार कठीण असतो. खेळाडूच्या चाली संगणकाच्या चालींशी ताडून पाहण्याची संख्याशास्त्रीय पद्धती आहे. परंतु तीतून केवळ संभाव्यता कळते, व एखादा गुणी मुलगा खरोखरच उत्तम खेळलेला असू शकतो. २०२२ मध्ये सेंट लुइस येथे हान्स नीमन याच्याकडून हरल्यावर मॅग्नस कार्लसन याने स्पर्धा सोडली. प्रत्यक्ष पटावरील लबाडीचा पुरावा आढळला नाही. उलट, सबळ कारणाविना माघार घेतल्याबद्दल फिडेने २०२३ मध्ये कार्लसन यालाच १०,००० यूरो दंड केला.

आंतरजालावरील सामन्यांत लबाडीचा लवलेश नसतानाही न्यायाचा प्रश्न उद्‌भवतो. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारताचे नेतृत्व नाशिकच्या विदित गुजराथी याच्याकडे होते. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क तुटून तो डाव हरला. आर्मेनियाची तक्रार फेटाळली गेली व त्या संघाने स्पर्धा सोडली. ३० ऑगस्ट रोजी रशियाविरुद्ध अंतिम लढतीत नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख व केरळचा निहाल सरीन यांचाही संपर्क तुटला आणि ते वेळ संपून हरले. भारताने दाद मागितली, तेव्हा फिडेचे अध्यक्ष आर्काडी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. दुसऱ्या वेळी बिघाड व्यापक जागतिक स्वरूपाचा होता, हे खरे. तरी दोन निर्णयांतील ही तफावत आर्मेनियाला बोचली असल्यास नवल नाही.