प्लगइन बनवलं, पण बसलंच नाही!

मित्रहो, जावासाठी आपण एक्लिप्स वापरतो. पण त्यात हवं ते बटण आपल्यालाच घालता येतं, हे किती जणांना ठाऊक आहे? आयबीएमने २००१ साली एक्लिप्स सर्वांसाठी खुलं केलं. २००४ च्या ३.० आवृत्तीपासून ते ओएसजीआय पद्धतीवर चालतं. गाभा लहान, बाकी सगळी प्लगइन्स. जावाचा एडिटरसुद्धा प्लगइनच!

मी बोरगाव मेघेला खोली करून राहतो. तिथेच एका रविवारी उघड्या फाईलमधल्या ओळी मोजणारं प्लगइन केलं. त्यासाठी एक्लिप्समध्ये पीडीई हवं. प्लगइन प्रोजेक्ट घेतला की दोन फाईली महत्त्वाच्या. मॅनिफेस्टमध्ये प्लगइनचं नाव, आवृत्ती, लागणारी इतर प्लगइन्स आणि जावाची आवृत्ती असते. प्लगइन.एक्सएमएलमध्ये ते कुठे जोडायचं ते असतं. एक्सटेन्शन पॉइंट म्हणजे भिंतीवरचा सॉकेट, आपलं प्लगइन ही पिन. एक्लिप्स ही फाईल वाचून मेनू दाखवतं; आपला क्लास मात्र बटण दाबल्यावरच लोड होतो.

'रन अ‍ॅज एक्लिप्स अ‍ॅप्लिकेशन' केलं की दुसरं एक्लिप्स उघडतं, त्यात चाचणी घ्यायची. माझं बटण मस्त चाललं. मग 'डिप्लॉयेबल प्लगइन्स' एक्स्पोर्ट करून जार पेनड्राइव्हवर घेतली.

सोमवारी चार वाजता सरांना दाखवायचं होतं. सकाळी लॅबमधल्या एक्लिप्सच्या 'ड्रॉपइन्स' फोल्डरमध्ये जार टाकली, एक्लिप्स पुन्हा सुरू केलं. बटण नाही, एररही नाही! पार्टनर म्हणाला, "अबे, काहीच तर दिसून नाही राहिलं!"

सायकल काढून खोलीवर आलो. या वेळी प्लगइनला फीचरमध्ये घातलं आणि पी२ रिपॉझिटरीसह झिप केली. लॅबमध्ये 'इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर'मधून 'अ‍ॅड', मग 'आर्काइव्ह'. यादी रिकामी दिसली, तर 'ग्रुप बाय कॅटेगरी'ची टिक काढायची. नेट नसेल तर 'काँटॅक्ट ऑल अपडेट साइट्स'चीही काढायची, नाहीतर वाट बघत बसाल.

आता मात्र कारण कळलं: प्लगइनला जावा २१ हवं, लॅबमधलं एक्लिप्स जावा १७ वर! ड्रॉपइन्समध्ये गरज पुरी झाली नाही तर एक्लिप्स ते प्लगइन मुकाट्याने बाजूला ठेवतं. इन्स्टॉलचा रस्ता लांबचा, पण काय कमी पडलं ते तोंडावर सांगतो.

पुन्हा खोली. मॅनिफेस्टमध्ये आणि कंपायलरमध्ये १७ केलं, पुन्हा एक्स्पोर्ट. पावणेचारला बटण दिसलं!

तर मंडळी, प्लगइन 'माझ्याकडे चालतं' म्हणजे झालं असं नाही. ज्याच्या मशीनवर बसवायचं, तिथलं जावा आधी विचारा. माझ्यासारख्या सायकलच्या दोन खेपा तरी वाचतील!